गावाहून विद्यापीठाच्या ग्रंथालयात: निघण्याआधीपासून नक्कल हाती येईपर्यंत

तालुक्याच्या कॉलेजात एम.ए. ला किंवा पीएच.डी. ला प्रवेश झाला, की गाईड एक वाक्य हमखास सांगतात: "एकदा विद्यापीठाच्या लायब्ररीत जाऊन या." तिथे जाऊन काय मागायचं, कोणाला भेटायचं, सोबत कोणते कागद न्यायचे, हे बहुतेक वेळा सांगायचं राहून जातं. शहरात राहणाऱ्याला ते चालतं; आज काम नाही झालं तर तो उद्या पुन्हा जातो. धारणी, एटापल्ली, अर्जुनी मोरगाव किंवा मंगरुळपीरहून निघणाऱ्याचा पूर्ण दिवस त्यात जातो. सकाळची एसटी धरायची, दुपारपर्यंत पोहोचायचं आणि चार वाजले की परतीच्या गाडीकडे डोळे. मधे कामाचे म्हणून दोन-तीन तास उरतात, आणि तेवढ्यात काम साधायचं तर अर्धं काम घरूनच उरकून निघायला हवं.

नुसती 'सोशॉलॉजीची पुस्तकं', 'इतिहासाचे संदर्भ' अशी यादी पाठ करण्यापेक्षा एक विषय धरून चालू. समजा, भंडारा-गोंदियाकडच्या एखाद्या विद्यार्थिनीला आपल्या भागातल्या मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी (गावाचे मालक असलेल्या मालगुजारांच्या ताब्यातल्या) तलावांवर प्रबंध लिहायचा आहे. तलाव कोणी बांधले, पाणी कसं वाटलं जायचं, मालगुजारी गेल्यावर तलाव कोणाकडे आले, एवढे तिचे प्रश्न. तुमचा विषय कापूस असो, संत्रा असो की दंडारीचं लोकनाट्य, वाट साधारण हीच.

आधी दार ठरवा

विदर्भात विद्यापीठं बरीच आहेत आणि सगळ्यांकडे सगळं मिळत नाही. नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठ १९२३ चं. आज त्याच्याकडे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे चार जिल्हे आहेत. अमरावतीचं संत गाडगे बाबा विद्यापीठ १९८३ ला वेगळं झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम त्याच्याकडे. चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये आलं.

या तारखा का लक्षात ठेवायच्या? कारण जुने प्रबंध ज्या विद्यापीठाने पदवी दिली त्याच्याकडे असतात. गडचिरोलीच्या जंगलावर १९९५ साली कोणी पीएच.डी. केली असेल तर तो प्रबंध गोंडवानात शोधून सापडणार नाही, तो नागपूरला. यवतमाळच्या कोलाम आदिवासींवर १९७८ मध्ये लिहिलेला प्रबंधही नागपूरलाच. बरेच जण आपल्या विद्यापीठात विचारून "नाही" ऐकतात आणि या विषयावर आजवर कोणी कामच केलं नाही असं सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्यात, लिहून टाकतात. मग आराखडा मंजूर करणाऱ्या समितीच्या, आरआरसीच्या, बैठकीत कोणीतरी जुन्या प्रबंधाचं नाव काढतं.

शेतीचा विषय असेल तर अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, १९६९ चं. हिंदी साहित्य, अनुवाद, गांधीविचार यांसाठी वर्ध्याचं महात्मा गांधी अंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय; तिथे पुस्तकांशिवाय हिंदी लेखकांची हस्तलिखितं आणि पत्रं जपणारं स्वामी सहजानंद सरस्वती संग्रहालयही आहे. संस्कृतसाठी रामटेकचं कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. ते नवीन आहे, तेव्हा कोणता संग्रह वाचकांना खुला झाला आहे याची चौकशी करूनच निघा.

आपली मामा तलाववाली विद्यार्थिनी नागपूरला जाईल. पण लगेच नाही.

घरूनच जेवढं होतं तेवढं

पहिली भेट तुमच्याच कॉलेजच्या ग्रंथपालांची. तालुक्याच्या कॉलेजची लायब्ररी लहान असते, पण ग्रंथपालांकडे दोन गोष्टी असतात. एक म्हणजे एन-लिस्टचं लॉगिन. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेची ही योजना आहे. कॉलेज वर्षाची वर्गणी भरतं आणि विद्यार्थ्यांना हजारो ई-जर्नल्स, लाखो ई-बुक्स घरबसल्या उघडता येतात. कॉलेज सभासद आहे का, आणि असेल तर माझं नाव घातलंय का, हे दोन्ही विचारा. वर्गणी भरलेली असते आणि कोणी लॉगिन मागितलेलंच नसतं, असं होतं. दुसरी गोष्ट म्हणजे ओळख. विद्यापीठाच्या ग्रंथालयात कोण कुठल्या विभागाला बसतं हे ग्रंथपालांना ठाऊक असतं. त्यांनी आधी एक फोन केला तर तुमचा अर्धा तास वाचतो.

सरकारी विद्यापीठांत आणि सरकारी कॉलेजांत १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालं आहे. त्यात तेरा हजारांवर जर्नल्स आहेत. तुमची संस्था त्यात येते का, हेही ग्रंथपालच सांगतील.

मग शोधगंगा, म्हणजे प्रबंधांचं संकेतस्थळ. २००९ च्या यूजीसी नियमांनंतर पीएच.डी. चे प्रबंध तिथे ठेवणं बंधनकारक झालं. मोबाईलवर उघडतं, फुकट आहे, लॉगिन लागत नाही. शेतीचे प्रबंध कृषिकोशवर बघा. शोधताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही शब्द टाका, आणि इंग्रजीत एकाच नावाची दोन-तीन स्पेलिंग करून बघा. 'मालगुजारी'चंच इंग्रजी लोक झेड घालून लिहितात, जे घालून लिहितात, शेवटी आय लावतात किंवा डबल ई. एका स्पेलिंगवर काही आलं नाही म्हणून विषय नाही असं होत नाही. सापडलेल्या प्रबंधाची संदर्भसूची सगळ्यात आधी डाउनलोड करा. बाकीचा प्रबंध नंतर वाचता येईल. ती सूची म्हणजे दुसऱ्याने वर्षानुवर्षं फिरून जमवलेला तुमचा नकाशा.

जिल्हा गॅझेटियर आणि जनगणना हीसुद्धा घरूनच बघायची कामं. मध्य प्रांताचे जिल्हा गॅझेटियर १९०६ ते १९११ च्या दरम्यान निघाले, भंडाऱ्याचं १९०८ चं. वऱ्हाडचं आणखी जुनं, एकत्र गॅझेटियर १८७० चं आहे. महाराष्ट्र शासनाच्या गॅझेटियर विभागाच्या संकेतस्थळावर आणि इंटरनेट अर्काइव्हवर यातले बरेच वाचायला मिळतात. भंडाऱ्याच्या गॅझेटियरमध्ये तलाव बांधणाऱ्या कोहळी लोकांबद्दल वाचून मगच निघा. गॅझेटियर लिहिणारे साहेब होते, त्यांची नजर वसुलीवर होती; जातींबद्दलची त्यांची विधानं तर डोळे मिटून उचलू नका. पण तलाव, पिकं, आठवडी बाजार, रस्ते यांची माहिती नीट दिलेली आहे.

जनगणनेत एक गंमत आहे. गावनिहाय आकडे देणाऱ्या जिल्हा जनगणना पुस्तिका १९५१ पासून मिळतात, पण १९५१ ची भंडारा, चांदा, यवतमाळची पुस्तिका महाराष्ट्राच्या कपाटात शोधू नका. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो! १९६१ पासून मात्र महाराष्ट्रात.

आणखी एक काम घरीच करा: आपल्या गावाच्या, जिल्ह्याच्या जुन्या नावांची यादी. गोंदिया जिल्हा १९९९ चा. त्याआधी सगळं भंडारा. वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून निघाला, गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून. चंद्रपूर जुन्या कागदांत 'चांदा', वाशीम 'बासीम', अचलपूर 'एलिचपूर'. १९०५ पर्यंत वऱ्हाडात सहा जिल्हे होते, त्यात आजच्या यवतमाळचं नाव 'वुन' म्हणजे वणी. इंग्रजी सूचीत अमरावती आणि यवतमाळच्या स्पेलिंगमध्ये 'व' चं अक्षरच नसतं, तिथे 'ओ' असतो. ही यादी जवळ नसेल तर संगणकाच्या सूचीसमोर बसून तुम्हाला "काहीच नाही" एवढंच दिसेल.

प्रश्न कागदावर

काउंटरवर "मामा तलावांवर काही आहे का?" असं विचारलं तर उत्तर "बघा ना, संगणकावर" हेच येणार, आणि त्यात त्यांची चूक नाही. तोच प्रश्न असा विचारून बघा: "१९०० ते १९५० च्या काळात भंडारा जिल्ह्यात तलावाच्या पाणीवाटपाबद्दलचे सरकारी अहवाल हवेत. गॅझेटियर बघितलंय, सेटलमेंट रिपोर्ट (जमीन महसूल ठरवतानाचा अहवाल) बघायचा आहे." आता समोरच्या माणसाला कोणतं कपाट उघडायचं ते कळतं. काळ, जागा, कागदाचा प्रकार आणि आधी काय बघून झालं, या चार गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवा.

सोबत मागायच्या पुस्तकांची यादीही. बऱ्याच विद्यापीठांची सूची इंटरनेटवर बघता येते. तिला तिथे ओपॅक म्हणतात. पुस्तकाचं नाव, लेखक आणि शेजारचा बोलांक (पुस्तकाची मांडणीवरची जागा सांगणारा क्रमांक) उतरवून घ्या. पुस्तक 'इश्यूड' दिसत असेल तर त्याच्यासाठी प्रवास करू नका.

कागदपत्रं आणि फोन

त्याच विद्यापीठाशी संलग्न कॉलेजचे विद्यार्थी असाल तर ओळखपत्रावर आत बसून वाचायला सहसा अडचण येत नाही. पुस्तक घरी न्यायचं असेल तर वेगळं सभासदत्व आणि अनामत रक्कम. दुसऱ्या विद्यापीठाचे असाल, किंवा कुठल्याच नाही, नुसते अभ्यासक असाल, तर प्राचार्यांचं किंवा गाईडचं शिफारसपत्र हवं. पत्रात विषय स्पष्ट असू द्या आणि 'ग्रंथालय व अभिलेख पाहण्याची व टिपणे घेण्याची परवानगी मिळावी' असं वाक्य घाला. लेटरहेड, सही, गोल शिक्का आणि जावक क्रमांक हे चारही बघून घ्या. जावक क्रमांक नसलेलं पत्र म्हणजे कोणाचंच पत्र नाही, असं मानणारे लोक प्रत्येक कार्यालयात असतात. पत्राच्या तीन-चार प्रती, आधार, ओळखपत्राची झेरॉक्स, दोन पासपोर्ट फोटो.

नावात फरक असेल, लग्नानंतर आडनाव बदललं असेल, तर तेही दाखवणारा कागद ठेवा. मुलींना यावरून परत पाठवल्याचं मी ऐकलंय.

निघायच्या आदल्या दिवशी फोन करा. विचारायचं एवढंच: उद्या उघडं आहे का, प्रबंध विभागाचे वेगळे तास आहेत का, आणि मला हवा तो विभाग सांभाळणारे सर किंवा मॅडम आहेत का. परीक्षेच्या दिवसांत वाचनकक्ष भरलेला असतो, त्यात स्पर्धा परीक्षेची मुलं पहाटेपासून जागा धरून असतात; तुम्हाला संदर्भ विभागात बसायचं असल्याने त्याचा त्रास कमी, पण दारावरची गर्दी असतेच. आणि जुने मूळ सरकारी कागद जिथे जपलेले असतात ते अभिलेखागार हे राज्य शासनाचं कार्यालय आहे. तिथे २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणून शनिवारी सुट्टी काढून नागपूर गाठलं तर कुलूप बघून परतावं लागेल. सोमवार ते शुक्रवारच. एकाच फेरीत दोन्ही कामं करायची असतील तर मुक्कामाची सोय बघा. बायकांना २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, पण मुक्कामाचा प्रश्न अर्ध्या तिकिटाने सुटत नाही. ओळखीचं घर, नातेवाईक किंवा मैत्रिणीचं वसतिगृह आधी ठरवून निघालेलं बरं.

आत गेल्यावर

बॅग दारात ठेवावी लागते. पैसे, मोबाईल, वही, दोन पेन्सिली वेगळ्या पिशवीत आधीच काढून ठेवा. नोंदवहीत नाव लिहिलं की सरळ संदर्भ विभागात जा आणि तिथल्या ग्रंथपालांना वहीचं पहिलं पान दाखवा. लाजू नका. दिवसभर लोक त्यांना शौचालय कुठे आणि वायफायचा पासवर्ड काय एवढंच विचारतात. खरा प्रश्न घेऊन कोणी आलं की त्यांनाही बरं वाटतं.

पुस्तकं विषयाच्या आकड्यांनी लावलेली असतात, बहुतेक ठिकाणी ड्यूई पद्धतीने. सगळे आकडे पाठ करायची गरज नाही, आपल्या विषयाचे तीन-चार पुरेत. मराठी साहित्य ८९१.४६, त्यात पुढे १ लागला तर कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी. महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९ च्या आसपास. कापूस ६३३.५१, संत्रा ६३४.३१. पद्धतीची एक खोड मात्र लक्षात घ्या: आपल्यासाठी जो एक विषय, तो तिथे अनेक मांडण्यांवर विखुरलेला असतो. मामा तलावांचं पुस्तक पाण्याचं अर्थकारण म्हणून ३३३.९१ ला असेल, बांधकाम म्हणून ६२७ ला, भंडाऱ्याचा इतिहास म्हणून ९५४ ला, आणि कोहळी समाजावरचं ३०५ ला. चारही ठिकाणी चक्कर मारा. आणि हवं ते पुस्तक हाती आलं की त्याच्या डाव्या-उजव्या बाजूची पाच-पाच पुस्तकं उघडून बघा. संगणकाच्या सूचीला जे सुचत नाही ते इथे दिसतं.

काढलेलं पुस्तक स्वतः परत मांडणीवर लावू नका, टेबलावर ठेवा. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हरवलेलंच.

प्रबंध विभागात नियम कडक असतात: बाहेर न्यायचा नाही, पूर्ण झेरॉक्स नाही, कधी कधी मोबाईलही नाही. तिथे वाचत बसू नका. अनुक्रमणिका, संदर्भसूची, परिशिष्टं आणि प्रश्नावली बघा. जुन्या प्रबंधांच्या परिशिष्टांत मुलाखतींचे तक्ते आणि मूळ कागदांच्या नकला असतात, आणि ज्यांची मुलाखत घेतली ते लोक आता नसतात.

जुनी वर्तमानपत्रं हा वेगळाच खजिना. नागपूरचं 'हितवाद' १९११ पासूनचं, 'महाराष्ट्र' १९१४ पासूनचं. सगळे अंक एका जागी मिळत नाहीत; विद्यापीठ, विदर्भ साहित्य संघ, जुनी सार्वजनिक वाचनालयं असे तुकडे जोडावे लागतात. कागद इतका ठिसूळ झालेला असतो की पान उलटताना कोपरा हातात येतो. म्हणून तारीख ठरवूनच मागा. "१९५१ चं पूर्ण वर्ष द्या" म्हटलं तर कोणी देणार नाही. "एप्रिल १९५१ चा पहिला पंधरवडा" म्हटलं तर देतील. ३१ मार्च १९५१ ला मध्य प्रदेशच्या कायद्याने मालगुजारी संपली, तेव्हा आपल्या विद्यार्थिनीला हाच पंधरवडा हवा.

अभिलेखागार: इथे घाई चालत नाही

ग्रंथालयात छापलेलं असतं, अभिलेखागारात मूळ कागद. इथे पुस्तकासारखी विषयवार मांडणी नसते. कागद ज्या कचेरीत तयार झाला त्या कचेरीच्या, खात्याच्या आणि सालाच्या क्रमाने ठेवलेला असतो. म्हणून "तलाव" असं शोधायचं नसतं. तलावाचा कागद त्या काळात कोणाच्या टेबलावरून गेला असेल, हा विचार करायचा असतो. महसूल खातं? सर्व्हे अँड सेटलमेंट? सार्वजनिक बांधकाम? तिन्हींच्या सूच्या चाळाव्या लागतात.

आणि त्याआधी राज्य कोणाचं होतं ते पक्कं हवं, कारण विदर्भाइतकी राज्यं क्वचितच कोणत्या मुलखाने बदलली असतील. नागपूरकर भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. वऱ्हाड त्यात नव्हतं. ते निजामाचं, १८५३ च्या करारानं इंग्रजांच्या ताब्यात आलेलं. कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडे. १९०२ मध्ये कायमचा पट्टा झाला आणि १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं. १९५० मध्ये त्याचा मध्य प्रदेश झाला, १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात.

कागद या सगळ्यांच्या मागोमाग फिरले. राज्य शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाचं मुख्य कार्यालय मुंबईला आहे, आणि नागपूरच्या अभिलेखागारात मध्य प्रांत व वऱ्हाडची दफ्तरं आहेत. राजधानी हलली तेव्हा काही दफ्तर भोपाळला गेलं. १९०३ आधीच्या वऱ्हाडासाठी हैदराबाद रेसिडेन्सीची दफ्तरं बघावी लागतात आणि ती दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. घाबरू नका, दिल्लीला लगेच जायचं नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ आहे. नोंदणी करून फायलींची नावं घरून शोधता येतात, काही फायली पूर्ण उघडतातही.

जमिनीची पद्धतही दोन्हीकडे वेगळी. वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याचा संबंध थेट सरकारशी. पूर्वेकडे, नागपूर-भंडारा-चांद्याकडे मालगुजारी. १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात, म्हणजे सेटलमेंटमध्ये, मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. त्यामुळे अकोल्याच्या माणसाने मालगुजाराचा कागद शोधणं आणि भंडाऱ्याच्या माणसाने तो न शोधणं, दोन्ही वेळेचा नाश. मालगुजारी गावांसाठी 'वाजिब-उल-अर्ज' मागा. गावातल्या रीती, तलावाच्या पाण्यावर कोणाचा हक्क, वाट कुठून, हे त्यात नोंदलेलं असतं. 'निस्तार पत्रका'त जंगलातून लाकूड, चराई, गवत यांचे गावाचे हक्क. गडचिरोलीकडच्या ग्रामसभांनी सामूहिक वनहक्काचे दावे करताना हेच कागद पुरावा म्हणून काढले.

प्रत्यक्ष काम असं चालतं. पहिल्या भेटीत अर्ज आणि शिफारसपत्र द्यायचं, परवानगी मिळाली की वाचककक्षात बसायचं. सूची बघून मागणी चिठ्ठी भरायची: खातं, साल, फाईल क्रमांक. चिठ्ठी गेली की शिपाईकाका दफ्तरखान्यातून फाईल किंवा रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) आणतात. याला वेळ लागतो, आणि दुपारी उशिरा दिलेल्या चिठ्ठीची फाईल दुसऱ्या दिवशी येणार हे गृहीत धरा. म्हणून पोहोचताच, वही उघडण्याच्याही आधी, पहिल्या चिठ्ठ्या देऊन टाका आणि फाईल येईपर्यंत पुढची सूची चाळा.

शाईचं पेन चालत नाही, पेन्सिलच. हात कोरडे आणि स्वच्छ हवेत. पानांचा क्रम बदलायचा नाही, जरी तो चुकलेला दिसला तरी. सांगायचं, लावायचा नाही. थुंकी लावून पान उलटायची सवय असेल तर ती मोडूनच या. पाण्याची बाटली बाहेर. मे महिन्यात नागपूरला हे जिवावर येतं, पण शक्य असेल तर मे महिन्यात जाऊच नका.

भोसलेकालीन आणि नंतरचेही बरेच मराठी कागद मोडीत आहेत. मोडी येत नसेल तर अडून बसू नका, पण विषय एकोणिसाव्या शतकाचा असेल तर शिकून घ्या. पुराभिलेख संचालनालय आणि काही विद्यापीठं मोडीचे वर्ग घेतात. अक्षरं ओळखायला काही आठवडे लागतात, एखाद्या कारकुनाचं घाईतलं हस्ताक्षर लावायला त्याहून पुष्कळ जास्त. वऱ्हाडाच्या कागदांत फसली साल दिसेल. त्यात ५९० मिळवले की इसवी सनाचा अंदाज येतो. शकात ७८.

तहसीलचं रेकॉर्ड

विद्यापीठ आणि अभिलेखागार दोन्ही पालथं घातलं आणि गावच्या पातळीचा कागद मिळाला नाही, तर तो तुमच्या तहसील कचेरीच्या किंवा भूमी अभिलेख कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये असण्याची शक्यता जास्त. कोतवाल बुक (गावच्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही), १९५४-५५ चा अधिकार अभिलेख (जमिनीच्या हक्कांची नोंद), जुने नकाशे हे तिथे. जात पडताळणीसाठी आलेल्या लोकांची तिथे रांग असते, कारण अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो आणि तो कोतवाल बुकात नाहीतर शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात सापडतो. संशोधकाचं काम त्या रांगेपुढे घुसवू नका. लेखी अर्ज करा, पोच घ्या. महाभूमीच्या 'आपले अभिलेख' वर काही जिल्ह्यांचं जुनं रेकॉर्ड स्कॅन होऊन आलं आहे, ते आधी बघा.

पोथ्या

महानुभाव साहित्याचा विषय असेल तर विद्यापीठाच्या बाहेर पडावं लागेल. रिद्धपूरच्या मठांत पोथ्या आहेत, यवतमाळच्या शारदाश्रमाचं या संशोधनात मोठं काम आहे. बऱ्याच पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत आहेत, तेव्हा नुसतं मराठी येऊन भागत नाही. मठात पोथी हा पूजेचा विषय आहे. महंतांची परवानगी, हातपाय धुणं, त्यांनीच पान उलटणं, हे सगळं मान्य करून बसायचं. फोटो विचारल्याशिवाय नाही, फ्लॅश तर कधीच नाही.

टिपणं, फोटो, नक्कल

फोटो काढायची परवानगी असेल तिथे पहिला फोटो नेहमी फाईलच्या मुखपृष्ठाचा किंवा पुस्तकाच्या शीर्षकपानाचा. त्यानंतर आतली पानं. संध्याकाळी गाडीत बसल्या बसल्या फोटो त्या-त्या फाईलच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाका. आठवड्याने पिवळ्या कागदाचे दोनशे फोटो सारखेच दिसतात. प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर संस्था, खातं, साल, फाईल क्रमांक, पान क्रमांक. प्रबंधात तळटीप देताना नेमकं हेच लागतं, आणि एक आकडा राहिला तर त्यासाठी पुन्हा नागपूर.

झेरॉक्सबद्दल: संशोधनासाठी वाजवी भागाची प्रत काढायला कायद्याची आडकाठी नाही, अख्खं पुस्तक काढायला आहे. लेखक जाऊन साठ वर्षं झाली असतील तर पुस्तक सगळ्यांचं; असं पुस्तक बहुतेक वेळा इंटरनेटवर आधीच असतं, तेव्हा पानामागे पैसे मोजण्याआधी शोधून बघा.

अभिलेखागारातून प्रमाणित नक्कल हवी असेल तर वेगळा अर्ज आणि शुल्क. ती त्याच दिवशी मिळत नाही. अर्जाची पोच, शुल्काची पावती आणि अर्ज क्रमांक यांचा फोटो काढून गाईडलाही पाठवून ठेवा. टपालाने मागवत असाल तर पत्त्यात गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिनकोड पूर्ण लिहा. एकाच नावाची गावं दोन-तीन तालुक्यांत असतात. गावात टपाल उशिरा येत असेल तर कॉलेजचा पत्ता द्या आणि आवक विभागाच्या बाबूंना आधी सांगून ठेवा, म्हणजे तुमचं पाकीट प्राचार्यांच्या टेबलावर महिनाभर पडून राहणार नाही.